पुण्यात राहून समुद्राचं काम: सागरी जीवशास्त्राच्या पदवीनंतर पहिली इंटर्नशिप

'मरीन बायोलॉजी केलंय' असं पुण्यात सांगितलं की समोरचा माणूस क्षणभर थांबतो आणि मग दोनपैकी एक प्रश्न विचारतो. एक म्हणजे 'मग काय, मत्स्यालय टाकणार?' आणि दुसरा, 'अगं, पण इथे समुद्र कुठे आहे?' पहिल्या प्रश्नावर मी आता नुसती हसते. दुसरा रास्त आहे. मी कारवारहून एमएस्सी करून घरी परतले तेव्हा तो मलाही पडला होता. वर्गातले सगळे गोवा, कोची, मुंबईकडे अर्ज करत होते आणि मी सदाशिव पेठेत बसून ताम्हिणी घाटातून किनारा किती तासांवर आहे ते मोजत होते.

त्यानंतरच्या वर्षांत मी इंटर्नशिप केल्या, पुढे मुलांना इंटर्न म्हणून घेतलंही. दोन्ही बाजू बघून झाल्यावर माझं मत असं बनलंय: पहिली इंटर्नशिप निवडताना समुद्र किती जवळ आहे हे बघू नका, तुमचं काम रोज तपासणारा माणूस तिथे आहे का ते बघा. किनाऱ्यावर दोन महिने राहून एकाही नोंदीवर कुणी लाल पेन फिरवलं नसेल, तर ती सहल झाली. पाषाणच्या एखाद्या प्रयोगशाळेत बसून नमुन्यातला जीव ओळखायला चुकलात म्हणून बाटली चार वेळा परत आली असेल, तर ते शिक्षण. लाटा पुढे आयुष्यभर बघायच्याच आहेत.

पहिली पायरी: गणेश पेठेत जा

अर्ज-बिर्ज नंतर. आधी रविवारी सकाळी गणेश पेठेतल्या मासळी बाजारात जा. वर्तमानपत्रात दर आठवड्याला 'खोल समुद्रातील मासळीची आवक' अशी बातमी येते ना, तोच हा बाजार. पुण्यातलं समुद्राचं सगळ्यात जवळचं आणि फुकटचं संग्रहालय. इथे पापलेट, सुरमई, बांगडा, मांदेली, बोंबील, ढोमा, माकूल, कोळंबी, एखाद्या दिवशी मोरी (म्हणजे छोटा शार्क), सगळं एका जागी दिसतं. अट एकच: गिऱ्हाइकांच्या गर्दीत मध्येच वही उघडून उभं राहू नका. अर्धा किलो काहीतरी घ्या, मावशींना 'हे कुठल्या बंदराचं?' असं विचारा. दुसऱ्या-तिसऱ्या रविवारी त्या स्वतःहून 'हे बघ, आज वेगळं आलंय' म्हणून हाक मारतात. शाकाहारी घरातल्यांनी खरेदी कुणाला द्यायची ते आधी ठरवून ठेवा, माझे बांगडे शेजारच्या काकूंकडे जायचे आणि त्याबद्दल त्यांची कधीच तक्रार नव्हती.

बांगडा घेतलात की त्याचं तोंड उघडून आत बघा. पिसासारखे लांब कंगवे दिसतील. पाण्यातलं बारीक खाद्य गाळण्यासाठी कल्ल्यांवर असतात ते. बांगड्यात ते इतके लांब असतात की कल्ला न उचलता तोंडातूनच दिसतात, आणि ओळखीच्या पुस्तकांत हीच खूण दिलेली असते. मग पाठीवरच्या आणि पोटाखालच्या शेवटच्या परामागचे छोटे सुटे पर मोजा. पाच-पाच भरतील. आता शेजारी पापलेट आणि हलवा ठेवा. इंग्रजीत हलव्याला काळं पॉम्फ्रेट म्हणतात, पण तो पापलेटाच्या कुळातला नाही. शेपटीच्या देठावरून बोट फिरवा, हलव्याला खरखरीत खवल्यांची कड लागते, पापलेट तिथे गुळगुळीत असतं. २०२३ मध्ये पापलेट महाराष्ट्राचा राज्यमासा झाला तेव्हा माझ्याकडच्या एका इंटर्नने मोठ्या उत्साहाने फोटो टाकला होता. हलव्याचा. म्हणून हे सांगतेय.

पुढचा मासा ढोमा. हा स्वस्त आहे आणि त्याच्या डोक्यात खजिना असतो. डोळ्यांच्या थोडं मागून कवटी आडवी कापा, मेंदूच्या खाली डाव्या-उजव्या बाजूला चिमट्याने हळूच चाचपडा. पांढरे, कडक, शाबुदाण्याहून मोठे दोन खडे हाताला लागतील. हे माशाच्या कानातले खडे, तोल सांभाळायला आणि ऐकायला उपयोगी. ढोम्याच्या कुळात ते चांगले ठसठशीत असतात. झाडाच्या बुंध्यासारखे त्यांत थर चढत जातात आणि त्यावरून माशाचं वय काढतात. आपल्या उबदार पाण्यातल्या माशांत वर्षाची कडी थंड समुद्रातल्या माशांइतकी स्पष्ट उमटत नाही, म्हणून इथे ते काम जिकिरीचं होतं. कधी मुलाखतीत 'तुम्ही स्वतः काय हाताळलंय?' असं विचारलं, तर 'दर रविवारी ढोम्याचे खडे काढून, लांबीसकट पाकिटात ठेवलेत' हे उत्तर कुठल्याही प्रमाणपत्रापेक्षा जड पडतं.

लांबी मोजतानाही एक गोष्ट ठरवून घ्या. तोंडापासून शेपटीच्या टोकापर्यंत एक लांबी, शेपटीच्या खाचेपर्यंत दुसरी, शेपटी जिथे सुरू होते तिथपर्यंत तिसरी. कुठली मोजलीत ते वहीत लिहिलं नाही, तर दहा आठवड्यांचे आकडे रद्दीत. दहा रविवार हे करा. शंभर-सव्वाशे माशांचा एक छोटा तक्ता तयार होईल. तो पुढे लागणार आहे.

दुसरी पायरी: चिठ्ठी लिहायला शिका

हे वाचून हसू येईल, पण इंटर्न म्हणून आलेल्या मुलांचं सगळ्यात जास्त काम चिठ्ठीवर वाया जातं. माझं स्वतःचं गेलेलं आहे. पहिल्याच मोठ्या सर्वेक्षणात मी सतरा बाटल्यांमध्ये अल्कोहोलात नमुने भरले, प्रत्येकीत सुबक अक्षरात चिठ्ठी टाकली. बॉलपेनने. आठवड्याने कपाट उघडलं तर चिठ्ठ्या कोऱ्या करकरीत आणि अल्कोहोल फिकट निळं. बॉलपेनची शाई अल्कोहोलात विरघळते. सतरा खेकडे होते, पण कुठला कुठल्या खडकावरचा, हे जगात कुणालाच सांगता येणार नव्हतं. माझे मार्गदर्शक रागावले नाहीत. त्यांनी माझ्यासमोर एक पेन्सिल ठेवली आणि निघून गेले.

तर: शिसपेन्सिल, जाड चांगला कागद, आणि चिठ्ठी बाटलीच्या आत. बाहेर चिकटवलेला कागद सुटतो, झाकणावर लिहिलेलं दुसऱ्या झाकणाशी बदलतं. चिठ्ठीवर ठिकाण, अक्षांश-रेखांश, तारीख, वेळ, भरती-ओहोटीची स्थिती, खोली, कशाने पकडलं, कुणी पकडलं. प्राण्याचं नाव सगळ्यात शेवटी, आणि तेही खात्री नसेल तर प्रश्नचिन्हासकट. नाव पुढे कुणीही दुरुस्त करू शकतं, जागा आणि तारीख मात्र हरवली की हरवली.

अल्कोहोलाचंही गणित आहे. साधारण जतन करायला सत्तर टक्के चालतं, डीएनए काढायचा असेल तर पंचाण्णवच्या वर लागतं. प्लवकांसाठी, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जिवांसाठी, फॉर्मॅलिन वापरतात. ते घरी आणू नका. प्रयोगशाळेतच, हवेशीर जागी, हातमोजे घालून. आईच्या स्वयंपाकघरातल्या फ्रिजमध्ये मासा ठेवणं एकवेळ खपतं, फॉर्मॅलिनची बाटली नाही.

तिसरी पायरी: पुण्यातली दारं

पुण्यात समुद्राशी नातं असलेल्या जागा वाटतात त्यापेक्षा जास्त आहेत. फक्त पाटीवर 'समुद्र' हा शब्द नसतो, म्हणून नव्या माणसाला त्या दिसत नाहीत.

आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचं पश्चिम विभागीय केंद्र आहे. मूळ संस्था १९१६ सालची. प्राणी ओळखणं, नावं देणं, नमुने सांभाळणं हेच तिथलं काम, त्यामुळे वर्गीकरणाची आवड असेल तर पहिला मेल इथे. नुसतं बघायला जायचं असलं तरी कॉलेजचं पत्र घेऊन, आधी वेळ ठरवून जा.

त्याच १९१६ सालची खडकवासल्याची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन शाला. सिंहगडाकडे जाताना आपण तिच्यावरून शंभर वेळा गेलेलो असतो. तिथे बंदरांच्या, खाड्यांच्या लहान प्रतिकृती करून त्यांत लाटा आणि भरती-ओहोटी निर्माण करतात आणि गाळ कुठे साचेल, धक्का कुठे बांधावा याचा अभ्यास होतो. ते काम अभियंत्यांचं, हे खरं. पण किनाऱ्यावर काय जगेल हे शेवटी पाणी आणि गाळ कुठे फिरतो यावरच ठरतं. गाळातले जीव शिकलेल्या माणसाने ही भाषा कानावर पडू दिली तर फायदाच आहे.

पाषाणला भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्था. मान्सून आणि हिंदी महासागराचं तापमान हा तिथला विषय. प्रवाळ का पांढरे पडतात, तारलीचं प्रमाण का वर-खाली होतं, असले प्रश्न घेऊन पुढे जायचं असेल तर समुद्राच्या तापमानाची माहिती हाताळता येणं ही मोठी जमेची बाजू. अट इतकीच की संगणकावर आर किंवा पायथनमध्ये थोडंफार लिहिता यायला हवं. 'मी बायोलॉजीची, मला कोडिंग जमत नाही' हे वाक्य आता कुठेच चालत नाही, मीही ते तीन वर्षं वापरून पाहिलंय.

आगरकर रस्त्यावर आघारकर संशोधन संस्था, तिथे डायटमवर काम झालेलं आहे. डायटम म्हणजे काचेची पेटी अंगावर घेऊन जगणारी सूक्ष्म शैवालं. ती पाषाण तलावातही आहेत आणि अरबी समुद्रातही. ज्यांच्या नावाने ही संस्था आहे ते शंकर पुरुषोत्तम आघारकर वनस्पतिशास्त्रज्ञ, पण गेल्या शतकाच्या सुरुवातीला सातारा जिल्ह्यातल्या नदीत गोड्या पाण्यातली जेलीफिश सापडली त्या शोधाशी त्यांचं नाव जोडलेलं आहे. समुद्र लांब असला म्हणून समुद्राचे नातेवाईक लांब असतात असं नाही.

याशिवाय आयसर ही विज्ञान शिक्षण आणि संशोधनाची केंद्रीय संस्था, राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रातला सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह, विद्यापीठाचा प्राणिशास्त्र विभाग, आणि गरवारे कॉलेजचा जैवविविधता विभाग. डेक्कन कॉलेज तर कुणाच्या डोक्यातच येत नाही. तिथे उत्खननात सापडलेल्या हाडांचा आणि शिंपल्यांचा अभ्यास होतो. माशाचा मणका हातात घेऊन कूळ सांगता येणारा माणूस त्यांना उपयोगी पडतो.

आणि गोडं पाणी कमी लेखू नका. पाषाण तलावावर प्लवकांची जाळी ओढणं आणि मालवणला ओढणं यात हाताचं काम तेच. मोजायची काचपट्टीसुद्धा तीच: पन्नास मिलिमीटर लांब, वीस रुंद, एक खोल, बरोबर एक मिलिलिटर पाणी, तळाला हजार चौकोन. पहिल्या दिवशी एक पट्टी मोजायला तीन तास लागतात आणि मान धरते. महिन्याने चाळीस मिनिटांत होते. तो महिना पुण्यात काढा, किनाऱ्यावर राहायचा खर्च करून नको.

चौथी पायरी: मेल आणि अर्ज, दोन वेगळ्या जाती

शास्त्रज्ञांना इंग्रजीत मेल जातो आणि तो साधारण असा सुरू होतो: 'रिस्पेक्टेड सर, आय ॲम व्हेरी पॅशनेट अबाउट ओशन्स'. लहानपणापासून डॉल्फिन आवडतात हेही त्यात असतं. असे मेल मी वाचते, आणि खरं सांगायचं तर दुसऱ्या ओळीच्या पुढे जात नाही. आवड सगळ्यांनाच असते. मजकुरात काय असावं ते मराठीत सांगते:

'मॅडम, खाडीतल्या खेकड्यांवरचा आपला शोधनिबंध वाचला. त्यात पावसाळ्यातले नमुने घेतलेले नाहीत. चिखलात उतरता येत नाही म्हणून, की पाण्याचा खारेपणा बदलतो म्हणून, हे समजून घ्यायचं होतं. मी दहा आठवडे पुण्याच्या मासळी बाजारात सहा जातींच्या माशांची लांबी नोंदवली आहे, तक्ता जोडला आहे. जून ते सप्टेंबर आठवड्याचे पाच दिवस येऊ शकते. नमुने वेगळे करणं, मोजणी, नोंदी, यातलं काहीही चालेल.'

एवढंच. दहा ओळी, एक खरा प्रश्न, एक जोडलेला तक्ता, तारखा. गणेश पेठ इथे कामाला आली. आठ-दहा दिवसांत उत्तर आलं नाही तर त्याच मेलवर दोन ओळींची आठवण करा. तरीही नाही आलं, तर राग न धरता पुढे चला. लोक फील्डवर असतात, प्रकल्पाचे पैसे संपलेले असतात, तुमच्यात खोट असतेच असं नाही.

सरकारी कार्यालय ही दुसरी जात. वनविभागाचा कांदळवन कक्ष, मत्स्यव्यवसाय विभागाची जिल्हा कार्यालयं, यांना स्वच्छ मराठीत अर्ज द्या. 'प्रति', 'विषय: स्वयंसेवक म्हणून काम करण्याची परवानगी मिळणेबाबत', 'महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून', सगळा साज चढवून. दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्या. तो शिक्का नसेल तर तुमचा अर्ज आलेलाच नसतो.

शिकत असाल तर तिन्ही विज्ञान अकादमींच्या उन्हाळी संशोधन फेलोशिपवर लक्ष ठेवा, दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाकडे काम करायला मिळतं आणि पैसेही. पदवी हातात पडल्यावर असे बरेच दरवाजे बंद होतात, म्हणून शेवटच्या वर्षातच हालचाल करायची.

मध्येच एक खड्डा

इंटर्नशिपसाठी पैसे मागणारे लोक आहेत. मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असताना एका ठिकाणी 'सागरी संशोधन प्रशिक्षणा'चे आठ हजार रुपये भरले. तीन दिवस, किनाऱ्यावरचं होम स्टे, सकाळी बोटीतून डॉल्फिन, दुपारी सुरमई थाळी, संध्याकाळी चकचकीत कागदावर प्रमाणपत्र. थाळी उत्तम होती. पुढे मुलाखतीत ते प्रमाणपत्र मी बाहेर काढलं, समोरच्या बाईंनी विचारलं, 'यात तुम्ही काय मोजलंत?' आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

राहण्या-जेवण्याचा खर्च मागणं वेगळं, छोट्या संस्थांना तो परवडत नाही. पण पैसे देण्याआधी तीन गोष्टी विचारा. रोजचं काम काय? माझ्या नोंदी कोण तपासणार, त्यांचं नाव काय? आणि ती माहिती पुढे कुठे वापरली जाणार? यातल्या दोहोंना गोलगोल उत्तर आलं तर थाळी खायला मित्रांबरोबर जा, स्वस्तात पडेल.

स्कूबाचंही तसंच. तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे, पैसे साठले की रीतसर कोर्स जरूर करा. पण पर्यटकांसाठीची दहा मिनिटांची डुबकी बायोडेटात लिहू नका. त्याआधी टिळक तलावावर जाऊन न थांबता अर्धा तास पोहता येतंय का बघा. खूप जणांना येत नाही आणि ते अर्जात लिहिलेलं नसतं.

पाचवी पायरी: वर्षाची मांडणी पावसावरून

जूनपासून किनारा जवळजवळ बंद. समुद्र खवळलेला, खडकांवर शेवाळ, आणि १ जूनपासून मासेमारीलाही बंदी, साधारण जुलैअखेरपर्यंत. मग जून ते सप्टेंबर पुण्यात काम शोधा: ओळख, मोजणी, आकडेवारी, नकाशे. ऑक्टोबरपासून किनारा. ऑलिव्ह रिडले कासवं कोकणात नोव्हेंबर ते मार्चच्या सुमाराला अंडी घालायला येतात, दीड-दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर पडतात. वेळास, आंजर्ले या गावांत हे काम गावचे कासवमित्र करतात. पहाटे उजाडण्याआधी कित्येक किलोमीटर किनारा चालून रेतीवरचा माग काढणं, घरटं सापडलं की शंभरेक अंडी एकेक करून हलवणं. २०२२ च्या जानेवारीत वेळासच्या एका कासवाच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेलं यंत्र बसवलं आणि तिचं नाव 'प्रथमा' ठेवलं, ती बातमी सगळ्यांना आठवते. तिच्या आधी वर्षानुवर्षं लोकांनी जी पहाटेची चाल केली ती कुणाला आठवत नाही. इंटर्नच्या वाट्याला ती चालच येते. जमणार असेल तरच अर्ज करा.

खडकाळ किनाऱ्यावर जायचं तर ओहोटी कळायला हवी. फोनवर ॲप आहेत, पण घाटाखाली रेंज गेली की कोळ्यांचा जुना हिशेब उपयोगी पडतो: तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठ गुणिले पाऊण म्हणजे सहा, तेव्हा सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला भरती, भर दुपारी ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा गुणिले पाऊण, सव्वाअकरा. म्हणजे ओहोटी पहाटे पाच-साडेपाचला आणि पुन्हा संध्याकाळी. आणि ते दिवस उधाणाचे, त्यामुळे पाणी सगळ्यात मागे जातं, एरवी न दिसणारे खडक उघडे पडतात. आपलं काम तेव्हाच. मुंबईच्या आसपास हा हिशेब चांगला जुळतो, दक्षिणेकडे वेळ सरकते, म्हणून छापील तक्ता बघून घ्या. ओहोटीच्या तासभर आधी पोचा, पाणी फिरलं की निघा. 'एवढा एकच दगड बघते' म्हणणाऱ्यांचे मोबाइल समुद्रात आहेत.

खडकावरचे जीव मोजायला चौकट लागते. विकत मिळते, पण महाग. बोहरी आळीतून अर्ध्या इंचाचा पीव्हीसी पाइप आणि चार एल्बो आणा. आतून पन्नास सेंटिमीटरचा चौकोन करा, पाइपला भोकं पाडा म्हणजे त्यात पाणी शिरून चौकट बुडेल, आणि दोन्ही बाजूंनी दोरे ताणून पंचवीस घरं करा. बायांनो, सलवार नको, जुनी पँट आणि जाड रबरी तळाचे जुने कॅनव्हासचे बूट. चपलेत खडकावरची शंखाची धार तळपायात घुसते. जखम झाली तर लगेच गोड्या पाण्याने धुवा, समुद्राचं पाणी 'औषधी' असतं हे आजीचं मत इथे बाजूला ठेवा. दगड उलटून बघितलात तर होता तसा परत ठेवा, खालच्या जिवांना ऊन सोसत नाही. आणि काहीही उचलून आणू नका. प्रवाळ, समुद्रघोडा, समुद्रकाकडी हे सगळे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. मेलेल्या प्रवाळाचा तुकडा शोभेला आणलात तरी गुन्हा. परवाना मार्गदर्शकाच्या संस्थेच्या नावावर असतो, तुमच्या उत्साहाच्या नावावर नाही.

सहावी पायरी: बंदरावर कसं बोलावं

हर्णैला किंवा मिरकरवाड्याला लिलाव चालू असताना प्रश्न विचारू नका. त्या वेळी माणसाच्या महिन्याचं गणित ठरत असतं. लिलाव संपला, जाळी दुरुस्त करायला बसले की मग जा. बोटीच्या मालकाला नाखवा, बोट चालवणाऱ्याला तांडेल, बाकीच्यांना दादा, काका. स्वतःची ओळख 'संशोधक' अशी करू नका, 'पुण्याहून शिकायला आलेय' म्हणा. पुण्याहून म्हटल्यावर चेष्टा होणार. होऊ द्या, त्याने गप्पा मोकळ्या होतात.

एकदा एका तांडेलांना मी विचारलं, 'काका, मांदेली कमी झालीय का?' ते म्हणाले, 'कुठल्या डोलीला? कुठल्या भांगाला?' माझा प्रश्नच चुकला होता. डोल हे प्रवाहात लावायचं पिशवीसारखं जाळं, भांग म्हणजे उधाणाच्या उलट मंद भरती-ओहोटीचे दिवस. प्रवाहच मंद असेल तर जाळ्यात शिरणार काय? जाळं आणि तिथी नोंदवल्याशिवाय 'कमी झाली' या वाक्याला अर्थ नाही, हे मला कुठल्याही प्राध्यापकाआधी त्यांनी शिकवलं. तेव्हापासून माझ्या तक्त्यात तारखेच्या शेजारी तिथीचा रकाना असतो.

सातवी पायरी: निघताना काय घेऊन निघायचं

प्रमाणपत्रावर 'उत्साहाने काम केले' असं लिहिलेलं असेल तर नम्रपणे परत करा आणि मजकूर सुचवा: किती दिवस, कुठल्या ठिकाणी, कुठली पद्धत, किती नमुने, कुठल्या गटापर्यंत ओळख पटवली. हे मागताना संकोच वाटतो, पण मार्गदर्शकांना उलट बरं वाटतं, त्यांचा वेळ वाचतो. तुम्ही गोळा केलेली माहिती कुणाची, निबंधात तुमचं नाव येणार की आभारात, हे पहिल्या आठवड्यातच विचारून घ्या. शेवटच्या आठवड्यात विचारलं की भांडण होतं.

पुढची नोकरी कुठे, हा घरच्यांचा प्रश्न राहतोच. पर्यावरणीय परिणामांचे अहवाल करणाऱ्या कंपन्या पुण्यातही आहेत, त्यांना बंदर-जेटीच्या कामांसाठी प्लवक आणि गाळातले जीव ओळखणारी माणसं लागतात. कांदळवन प्रतिष्ठान, किनाऱ्यावरच्या स्वयंसेवी संस्था, केंद्राच्या संस्थांमधली प्रकल्पावरची पदं. संशोधनात राहायचं तर नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा द्या, कनिष्ठ संशोधन फेलोशिप २०२३ पासून महिना ३७ हजार आहे. हा आकडा आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर सांगितला त्या दिवशी 'मासे मोजून पोट भरणार का' हा विषय बंद झाला. त्याआधी चार वर्षं रोज निघायचा.

शेवटचं, परतीच्या एसटीबद्दल. दापोलीहून स्वारगेटला येताना बर्फातल्या माशांचा थर्माकोलचा डबा डिकीत टाकू नका, ताम्हिणीच्या वळणांवर तो उलटतो. मांडीवर घ्या, झाकणाला चारी बाजूंनी चिकटपट्टी लावा, खाली जाड प्लॅस्टिक. अल्कोहोलाच्या बाटल्या मात्र एसटीत अजिबात नाहीत, त्या संस्थेच्या गाडीनेच. कंडक्टर एकदा तरी विचारतोच, 'काय आहे यात?' मासे म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, 'कितीला दिले?'